तबकडीतले बाबा

“ताई, मिळाली! अगं, मिळाली एकदाची!”

धाकटी दारातूनच ओरडली आणि ताईच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थबकली. केस विस्कटलेले, चेहरा उन्हानं लाल झालेला आणि छातीशी एक जुनाट रेकॉर्ड अशी कवटाळलेली, जणू पोटचं पोर! अशी मिठी हिनं मला शेवटची कधी मारली होती?... ताईच्या मनात पहिला विचार आला तो हाच.

“कसली गं?” कसली ते ठाऊक असूनही तिनं विचारलं.

“बाबा होते त्याच तुरुंगातली!”

बाबा! रागाच्या एका क्षणी कारखान्यातल्या मुकादमावर हात उगारून बसले. मुकादम पडला तो उठलाच नाही. बाबा गजाआड गेले आणि तिथेच वारले. धाकटी तेव्हा पाळण्यात होती. आईनं हाय खाल्ली, वर्षाच्या आत तीही गेली. ताईनं शाळा सोडली, लाँड्रीत उभी राहिली आणि दुनियेच्या कपड्यांना इस्त्री करता करता स्वतःच्या आयुष्याची घडी बसवायची मात्र विसरून गेली. एकानं मनापासून मागणी घातली होती. “धाकटीची सोय दुसरीकडे लावू,” एवढंच तो म्हणाला, आणि ताईनं त्याला दार दाखवलं!

आणि ती धाकटी? नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी लागली, हातात पैसा आला, आणि जुन्या बाजारांत हिंडू लागली. तुरुंगाच्या कुणा म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं तिला सांगितलं होतं, की बाबा तिथल्या गाणाऱ्यांच्या मेळ्यात होते आणि त्या मेळ्याची रेकॉर्डही निघाली होती. झालं! तेव्हापासून ती शोधता शोधता देशोदेशीच्या कैद्यांची गाणी घरात येऊ लागली. दगड फोडणाऱ्यांच्या घणांच्या तालावरची, बायकांच्या तुरुंगातली, मागे तान्हं मूल रडत असलेली... भिंत भरून गेली. वेष्टनावर गाणाऱ्याचं नाव कधीच नसायचं. ताई मात्र त्या तबकड्यांकडे सवतीकडे बघावं तशी बघायची. जन्म मी जाळला आणि आरती त्यांची, ज्यांनी हिला एकदा भरवलंसुद्धा नाही!

“ताई, मी त्यांना कधी ऐकलंच नाही. तूच ओळखू शकशील. सांगशील ना?”

सुई टेकली. खरखर झाली, आणि पुरुषांचे आवाज एकदम उसळले. त्या गर्दीतून एक जाडसर, किंचित बसलेला आवाज वर आला मात्र, ताईच्या काळजात चर्र झालं. कितीएक वर्षांनी कुणीतरी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होतं!

धाकटी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती... आणि त्या व्याकूळ, आसुसलेल्या डोळ्यांत ताईला स्वतःसाठी तसूभरही जागा दिसली नाही.

“यात नाहीत ते,” ती म्हणाली.

“नीट ऐक ना गं!”

“नाहीत म्हणून सांगितलं ना!”

धाकटीनं हळूच सुई उचलली. रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं रेकॉर्डी खोक्यांत भरायला घेतल्या. एका संध्याकाळी ताईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, “आता तूच. दुसरं कोण आहे मला?” हे ऐकायला ताईनं अख्खं आयुष्य वाट पाहिली होती, पण ते शब्द विझल्या निखाऱ्यासारखे आले. त्यांना ऊब म्हणून नव्हती!

रविवारी कोपऱ्यावरचे घड्याळजी खोकी न्यायला आले. तेही या गाण्यांचे वेडे. वरचीच रेकॉर्ड त्यांनी उचलून बघितली. “पोरी, ही तरी राहू दे. पुन्हा सापडायची नाही.”

“न्या काका. परक्या माणसांचं गाणं ठेवून काय करू?”

परक्या माणसांचं!...

“थांबा!” ताईचा आवाज चिरकला. “परके नाहीत ते... बाबा आहेत त्यात. मी ऐकलं. ओळखलंही. खोटं बोलले मी!”

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. “मुद्दाम?”

“हो, मुद्दाम! जळले मी! रक्ताचं पाणी मी केलं, आणि तुझा जीव त्यांच्यात. एकदा तरी माझ्याकडे असं बघितलंस का गं?”

“तू जळलीस? त्यांच्यावर?” धाकटी ओरडली. “तुला त्यांनी खांद्यावर बसवलं होतं! तुझ्याकडे आठवायला तरी काही होतं! तू झोपेत ‘बाबा, बाबा’ करायचीस, आणि मी उशीत तोंड खुपसून तुझा हेवा करायचे. अवघा जन्म करत आलेय!... तू एक अक्षर कधी सांगितलं नाहीस, म्हणून तर मी बाजार धुंडाळले!”

ताई सुन्न झाली. दोघी एकाच घरात, एकाच अंथरुणावर, एकमेकींपासून चोरून जळत जगलो... आणि तिला हुंदका आवरेना. घड्याळजी खोकं खाली ठेवून केव्हा निघून गेले, ते दोघींनाही कळलं नाही.

“लाव,” ताई शेवटी म्हणाली. “दाखवते.”

धाकटी अजून रागातच होती, पण तिनं रेकॉर्ड लावली. ताईनं तिचा हात हातात घेतला आणि तो आवाज आला तसा घट्ट दाबला. कडवं संपलं, सगळे थांबले. तो एकटा मात्र शेवटचं अक्षर ओढतच राहिला.

धाकटीनं श्वास रोखला. “ताई... हे तर तुझं आहे! जेवायला हाक मारतेस ना मला, अस्साच शेवट ओढतेस तू... म्हणजे मी यांना रोज ऐकत होते?”

ताई डोळे पुसत म्हणाली, “त्यांना गाण्याचे शब्द कध्धी पाठ नसायचे गं. मधले खाऊन टाकायचे, आणि शेवटाला मात्र सगळ्यांत मोठ्यांदा!”

धाकटी रडता रडता खुदकन हसली आणि तिला बिलगून बसली.

“अजून सांग,” ती म्हणाली.