रजिस्टरातला रकाना

प्रयोगशाळेतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं नसतं, तर तो घड्याळजी तिच्या टेबलाशी आलाच नसता. त्यानं घड्याळ उतरवलं, डाव्या कानाला लावलं, कपाळाला आठी घातली... आणि गुपचूप उजव्या कानाकडे नेलं.

“डावा कान रुसलाय वाटतं?” ती म्हणाली.

“वर्ष झालं. समजूत घालतोय, ऐकतच नाही.”

ती हसली, पण लगेच गंभीर झाली. मज्जातंतूंवरच्या साध्या गाठींचाच तर तिचा अभ्यास होता. “तपासून घ्या,” तिनं दटावलं. “आजच!”

निघाली ती गाठच. ऐकण्याच्या मज्जातंतूवर, बोराएवढी. कर्करोग नव्हता, पण गाठ काढताना कान जाण्याची भीती होती. आणि घड्याळजीचा कान म्हणजे त्याचं पोट!

अहवाल घेऊन तो तिच्याकडेच आला. तिनं पडद्यावर दुसऱ्याच कुणाच्या गाठीचा नकाशा उघडला. हजारो ठिपके, लाल आणि निळे.

“पेशी कानातली असो की बोटातली, जनुकं तीच असतात,” ती म्हणाली. “कुठली बोलतात नि कुठली गप्प, एवढाच काय तो फरक. लाल ती बोलणारी.”

“म्हणजे चाकं सगळीकडे तीच... फिरतात मात्र वेगवेगळी?”

“अगदी! इथे वाढीला आवर घालणारं जनुक बिघडलंय, म्हणून ही बाकीची नुसती बडबडताहेत. त्यांना गप्प करणारं औषध सापडलं ना, तर उद्या कुणाला कान गमवावा लागणार नाही.”

तो कितीतरी वेळ बघत राहिला. “एवढीशी गाठ... आणि आत एवढं सगळं चाललंय?” त्याचा आवाज आपोआप खाली गेला होता. स्वतःची भीती विसरून असं नवल करणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला, आणि तिथेच ती त्याच्या प्रेमात पडली. पुढे महिनाभर तो चांगली चालणारी घड्याळंसुद्धा तपासायला येत राहिला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी गाठीचा तुकडा नळीतून आला. नळीवर नुसता आकडा होता, पण त्या दिवशी शस्त्रक्रिया एकच होती. ओळखीच्या रुग्णाचा नमुना आपण हाताळायचा नाही, रजिस्टरात नातं लिहून दुसऱ्याकडे सोपवायचा, असा तिथला नियम.

“रकाना रिकामा चालत नाही हं,” प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या. ओळखीचा? मित्र? पेन हवेतच थांबलं. मग तिनं एका दमात लिहून टाकलं.

तिसऱ्या दिवशी ती त्याच्या खाटेशी, उजव्या बाजूला बसली. डावा कान गेला होता.

“तिकडे सगळी सामसूम,” तो म्हणाला. “पण तुम्ही इकडे बसलात ना... मग चालेल.”

“माझ्याकडून एक आगाऊपणा झालाय. रजिस्टरात आपलं नातं लिहावं लागलं.”

“काय लिहिलंत?”

“होणारा नवरा.”

ती लाजेनं लालबुंद झाली. “खोडता येतं,” ती घाईघाईनं म्हणाली. “दुरुस्तीचा कागद आणलाय. फक्त दोघांच्या सह्या लागतात... हे घ्या पेन.”

त्यानं पेन घेतलं, टोपण घट्ट लावलं आणि उशीखाली सारलं.

“अहो, प्रयोगशाळेचं आहे ते! परत द्यायचंय.”

“देऊ की,” तो म्हणाला. “लग्न झाल्यावर.”