चहाचे दोन ग्लास

अलेक्झांड्रियातली हिवाळी वादळं तिथी ठरवून येतात, तरी इन्शिरा छत्री विसरलीच. सर आली तशी ती पळत सुटली, ती थेट एका न्हाव्याच्या छपराखाली.

दारात दुकानाचा मालक वगदी उभा होता; सगळे त्याला 'उस्ता', म्हणजे उस्ताद, म्हणत. गिऱ्हाईक नाही, काम नाही. तिच्या निथळत्या केसांकडे बघून तो म्हणाला, "नईमन!"

न्हाऊन आलेल्या माणसाला घरचे म्हणतात तो शब्द... न्हाणं सुखाचं होवो. आई गेल्यापासून चार वर्षांत तिला तो कुणी म्हटला नव्हता. एकटीच्या घरात कोण म्हणणार? तिला एकदम रडू आलं, आणि ते लपवायला तिने वही काढली.

"लिहिताय काय? तक्रार?"

"वर्तमानपत्रात सदर आहे माझं. रोजच्या बोलण्यातले शब्द कुठून आले, त्यावर."

"मग बरोब्बर दुकानात भिजलात! इथं दाढी कमी, बडबड जास्त."

तेव्हापासून ती दर गुरुवारी येऊ लागली, आणि तो तिला 'उस्ताझा', म्हणजे मास्तरीणबाई, म्हणू लागला. झकास गोष्टीला 'साय' का म्हणतात? "दुधावर सगळ्यात वर काय येतं, उस्ताझा?" सोडून दे म्हणायचं तर 'डोकं मोठं कर' का? "लहान डोक्यात बारीकसारीक गोष्टी अडकतात हो!" बोलताना तो आरशातून तिच्याकडे बघे — तिने वर पाहिलं की वस्तऱ्याकडे. घरी जाऊन ती ते शब्द मोठ्याने वाचायची. ऐकायला भिंतीच होत्या.

सहाव्या गुरुवारी वगदीने पुसलेलाच वस्तरा पुन्हा पुसला. मग म्हणाला, "'त्याच्या चहाचे ग्लास दोन'... हा आहे तुमच्याकडे?"

"नाही! अर्थ काय?"

"एकटा माणूस... पण कुणीतरी येईल म्हणून दुसरा ग्लास मांडून बसलेला. बंदरावरचा आहे. जुना."

तिने छापला, आणि म्हाताऱ्या खलाशांनी पत्रं लिहून तिला पार धुऊन काढलं. आख्खं आयुष्य बंदरावर गेलं, असलं काही ऐकलं नाही! संपादकांनी सुनावलं, "पुढच्या अंकात खुलासा द्या. परत असं झालं तर सदर बंद." त्या सदराशिवाय तिचं बोलणं ऐकणारं होतं कोण?

गुरुवारी ती तरातरा दुकानात शिरली. "खोटं सांगितलंत मला!"

वगदीने मान खाली घातली. "शब्द संपले होते, उस्ताझा. तसं म्हटलं असतं, तर तुम्ही वही मिटून गेला असतात."

"म्हणून रचलंत?"

"रचलं नाही..." त्याने मागचा पडदा सारून शेगडीकडे बोट केलं. शेजारी दोन ग्लास होते, साखर घातलेले. "दर गुरुवारी मांडतो. विचारायचं धाडस होत नाही. तुम्ही गेलात की दोन्ही मीच पितो."

"म्हणजे तुम्ही मला सांगत होतात... आणि मी ते साऱ्या शहराला छापून सांगितलं?"

"हो ना. शहराला कळलं. तुम्हालाच नाही!"

तिला हसू फुटलं, मग डोळे भरून आले. आपल्यासाठी कुणीतरी इतके दिवस वाट बघत होतं, हेच तिला खरं वाटेना. तिने खुर्ची ओढली.

"साखर किती घातलीय?"

"अंदाजाने..."

पुढच्या अंकात खुलासा आला: "मागील सदरातला वाक्प्रचार अलेक्झांड्रियात रूढ नाही, क्षमस्व. तो फक्त एका न्हाव्याच्या दुकानात चालतो. वापरणारी माणसं सध्या दोन."