कॉइलची वायर

चार वर्षांपूर्वी श्यामबाजारच्या चौकात आमची पांढरी गाडी भर दुपारी बंद पडली. बाबा ट्रामवाल्याशी हुज्जत घालत होते, आणि एक मेकॅनिक कुणी न बोलावताच बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहिला.

"कॉइलची वायर निघालीय," हातानेच ती दाबून बसवत तो म्हणाला, "एवढंच." मग माझ्याकडे बघून हसला... शिबेन. त्याच क्षणी मी ती वायर नीट बघून ठेवली.

पुढे आमची गाडी फारच नाजूक झाली. दर सहा महिन्यांनी बिघडायची. शिबेन यायचा, पायरीवर बसून चहा प्यायचा नि जायचा.

यंदा चैत्रात बाबा गेले. एकतीस वर्षं त्यांनी ती गाडी जिवापाड जपली. आता चालवणार कोण? आईने ती बर्धमानच्या एका गृहस्थांना दिली. गाडी गेली की शिबेनच्या येण्याचं कारणही जाणार होतं. म्हणून ते गृहस्थ न्यायला आले त्या सकाळी मी पुन्हा वायर उपटली.

शिबेन आला तो नव्या कुर्त्यात, कपाळावर टिळा, नखं पहिल्यांदाच स्वच्छ. विश्वकर्मापूजा! बाबा गेल्यापासून सणवार माझ्या ध्यानातच राहत नव्हते.

"आज हत्यारं देवापुढे आहेत. उद्या बघू," तो म्हणाला.

गृहस्थ कुरकुरले. माझा मात्र जीव भांड्यात पडला. एक दिवस मिळाला होता!

तेवढ्यात आई गंगाजल घेऊन खाली आली. "उद्या नको गं, खुकू. आज मन घट्ट केलंय. दोनदा निरोप नाही देता यायचा मला."

मला माझीच लाज वाटली. मी बॉनेट उचललं आणि सगळ्यांदेखत वायर जागेवर दाबली.

आईने चारी चाकांवर पाणी शिंपडलं, बाबांच्या बाजूचं दार कुरवाळलं. गाडी लगेच सुरू झाली. गल्लीच्या वळणावर हॉर्न वाजला, आणि मला रडू फुटलं. आई जिना चढून गेली.

"सात वेळा," शेजारून शिबेन हळूच म्हणाला. "आजची आठवी."

"माहीत होतं? मग — बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर पुन्हा बोलावलं असतंत?"

"आता बिघडायला काहीच उरलं नाही..." मी डोळे पुसले. "तुम्ही — तसेच याल?"

वरून आईची हाक आली. "खुकू, आज त्याला पायरीवर नको बसवूस. वर आण. चहा तिघांचा टाकलाय."

शिबेनने चपला काढल्या.