नजरेचं माप

आत्या गेल्याला सव्वा महिना झाला, तेव्हा कुठे भाचीला तिचं शिलाई मशीन आणायला सवड मिळाली. मशीन तिलाच द्यायचं, असं आत्या सांगून गेली होती. भर दुपार होती. आत्याच्या सुनेनं दार उघडलं आणि पाणीसुद्धा न विचारता तिला जिन्यानं वर नेलं.

खोलीत मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास तसाच होता. इथेच आत्यानं तिच्या हातात पहिली सुई दिली, सहा वर्षांची असताना. "दोरा हातभरच घे गं. लांब दोरा घेतो आळशी, आणि गुंता सोडवत बसतो दिवसभर." टेप आत्या वापरायचीच नाही. माणूस दारातून आत आलं की एकदा खालीवर बघायची, झालं माप. भाचीनं पुढे दुकान थाटलं ते याच विद्येवर.

मग आत्याची नजर गेली. एकदा ती चाचपडत दुकानात आली आणि गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडावरून हात फिरवू लागली. चार बायकांसमोर भाची बोलून गेली, "आत्या, हात नको लावूस. मळतं ते."

आत्यानं हात मागे घेतला. हसली. पुन्हा आली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता भाचीही तीन वर्षं फिरकली नाही.

मशीनवर एक राखाडी ब्लाऊज होतं. टाके बारीक, मुंग्यांची रांग जावी तसे.

"वहिनी, हे कुणी शिवलं?"

"त्यांनीच. शेवटच्या आठवड्यापर्यंत शिवत होत्या."

"पण दिसत कुठे होतं तिला? सुईत दोरा कोण ओवायचं?"

वहिनी चमकली. "असं काय विचारता ताई? तुम्हीच की."

"मी...?"

"दर मंगळवारी दुपारी. मी खाली कामात. वरून तुमचा आवाज यायचा, दोघींचं हसणं यायचं... खरं सांगू? राग यायचा मला. तीन वर्षं या घरात येता, मला एका शब्दानं हाक नाही. आणि त्या गेल्या त्या दिवशी तोंडही दाखवलं नाहीत!"

मी आलेच नव्हते, असं भाची सांगणार तोच वहिनी तरातरा खाली निघून गेली.

भाचीनं ब्लाऊज उजेडात धरलं. उजव्या बाजूला छातीच्या गोलाईसाठी नेहमीसारखे टक्स होते. डावी बाजू सपाट कापलेली. आतून मऊ सुती अस्तर, शिवण टोचू नये म्हणून बाहेरच्या अंगाला घेतलेली.

आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी भाचीचा डावा स्तन काढला होता. आत्याच्या शेवटच्या दिवशी भाची स्वतः इस्पितळात उपचार घेत पडली होती. नवऱ्याखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं दार लोटून ब्लाऊज घातलं. काखेतल्या ज्या व्रणावर सगळे कपडे काचायचे, तिथे ते फुंकर घातल्यासारखं बसलं. "आत्या गं..." म्हणत ती खूप रडली. मग रडता रडता मनात विष कालवल्यासारखं झालं. आत्याच्या शेवटच्या तीन वर्षांचं हसणं, बोलणं, भाचीच्या वाटणीची सगळी माया, तिचाच आवाज काढून कुणीतरी दुसरीच घेऊन गेली होती. आणि त्या दुसरीला तिच्या अंगावरचा व्रणसुद्धा माहीत होता.

इथून निघायला हवं. मशीन मोकळं करावं म्हणून तिनं खालचा खण ओढला. आत त्याच राखाडी कापडाचं आणखी एक ब्लाऊज होतं, कापून ठेवलेलं, शिवायचं राहिलेलं. हाताच्या सवयीनं तिनं तुकडे जमिनीवर जुळवले.

यात दोन्ही बाजू सपाट होत्या.

खडूच्या रेघांना बोट लागलं, तर पांढरी भुकटी बोटावर आली. रेघा ताज्या होत्या, कालपरवाच्या.