मोठीआईच्या दाराची कडी

पोटच्या पोरीने आईवर गुप्तहेर सोडावा, हे मोठीआईने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

"फोन करायला हिला सवड नाही, आणि माझी चौकशी करायला माणसं पाठवते! स्वतः यायला पाय मोडले होते का?"

हे सगळं ती दाराआडूनच बोलली. मग कडी खाड्‌कन वाजली, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशी, आणि दार उघडलं.

बाहेर दोघं उभी. पुढे काडीसारखी वाळकी मुलगी, डोळे मात्र सुईच्या टोकासारखे. ही गुप्तहेर. मागे तिचा मदतनीस, जिना चढून भात्यासारखा धापणारा गरगरीत गृहस्थ. मोठीआईने मनातल्या मनात दोघांची नावं ठेवून टाकली, काडी आणि ढब्बू.

दोघांना आत घेऊन तिने दार लोटलं, कडी सरकवली. ढब्बू बसला, पण नजर दाराकडेच.

"कडी लागली नाही वाटतं, मोठीआई. आवाज नाही आला."

"लागलीये. तुम्ही चहा प्या."

तरी गडी उठलाच. दार ओढून बघितलं. लागलेली होती. काडी नुसती कडीकडे बघत राहिली.

मग तिने काम सांगितलं. मोठीआईची लेक, लाडाचं नाव ठकी, हिने सिनेमा काढला होता. गोष्ट घरचीच: भांडण होतं, मुलगी घर सोडते, आई दार लावून घेते. निर्मात्याने एडिटरकडून आपल्या पसंतीचा ट्रेलर कापून घेतला. थिएटरांकडे पाठवताना मात्र कुणीतरी त्याजागी दुसराच घुसवला, आणि लोकांनी तोच पाहिला. आता निर्माता खवळलाय. एडिटरचीच ही करामत म्हणून त्याला हाकलायला निघालाय.

"दाखवा तरी मेलं ते काय आहे," मोठीआई म्हणाली.

काडीने लॅपटॉप उघडला. पहिल्या ट्रेलरमध्ये कॅमेरा जमिनीला टेकलेला, खालून वर बघणारा. त्यामुळे आई झालेल्या नटीची हनुवटी आणि नाकपुड्याच आधी अंगावर येत. अर्धा चेहरा काळोखात. चित्रं टकाटक बदलतायत, खाली ढोल बडवलेला. मुलगी वळते, दार आदळतं, लगेच कडी. खाड्! संपलं.

"ही मी? ही तर पोरं खाऊन ढेकर देणारी दिसतेय!"

दुसऱ्यात चित्रं तीच, नवीन एकही नाही. पण ढोल गायब. मुलगी आधी जाते, दार मिटतं. मग तोच अर्धा काळोखातला चेहरा, पण हलतच नाही पडद्यावरून. इतका वेळ, की बघणाऱ्याला त्या डोळ्यांत काहीतरी साठलेलं दिसू लागतं. जिन्यावर पावलं वाजतात, विरतात. बराच वेळ काही नाही. आणि पार शेवटी, खाड्.

मोठीआईने ढब्बूच्या हातातला अर्धा कप तसाच उचलला आणि ती आत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

बाहेर आली तेव्हा आवाज पुन्हा जागेवर होता. "बाई तीच, थोबाड तेच. मग मघाशी चेटकीण आणि आता ही अशी, हे कसं काय?"

"चेहरा अर्धंच सांगतो, मोठीआई," काडी म्हणाली. " त्याच्या आधी काय दाखवलं आणि खाली काय वाजवलं, त्यावर माणूस ठरतो. आई आधी दाखवली की तिने मुलीला हाकललं. मुलगी आधी गेलेली दाखवली, की आई मागे राहिली."

ढब्बूने घसा साफ केला. "निर्मात्याला वाटतं, तुमची बदनामी टळावी म्हणून तुम्हीच कुणाला तरी फितवलंत."

"मला टीव्हीचा रिमोट सरळ धरता येत नाही, मी काय फितवणार कर्म! पण आळ आलाय ना? मग बाकीच्यांची उलटतपासणी माझ्यासमोर. चला."

जिन्यात शेजारणीने ढब्बूला बाजूला घेतलं. "फार माणूसघाणी हो. लेक गेल्यापासून रोज दिवेलागणीला खाड्‌कन कडी लावून बसते."

मोठीआईला स्पष्ट ऐकू गेलं. एरवी तिने त्या बाईची खरडपट्टी काढली असती. आज ती तशीच जिना उतरली. काडीने मागे वळून तिच्याकडे एकदा पाहिलं.

एडिटिंगची खोली म्हणजे दिवसाढवळ्या काळोख. ठकी तिथे नव्हती. तिच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर एक स्वेटर होता, मोठीआईनेच विणलेला. बाही उसवलेली. मोठीआईने सुटलेला धागा बोटाला गुंडाळला, उलगडला, परत गुंडाळला. टाकून नाही दिला अजून.

दाढीवाला एडिटर रडकुंडीला आला होता. "मी असली चूक करेन का? दार मिटलं, मुलगी जिना उतरून गेलीसुद्धा, आणि आई आता कडी लावते? काही अर्थ? दार आदळलं की लगेच कडी, हेच बरोबर!"

साउंडवाला कानावरचा हेडफोन गळ्यात घेत म्हणाला, "आवाज मात्र अस्सल आहे. मॅडमना त्यांच्याच घरच्या दाराचा हवा होता. मी संध्याकाळी तुमच्या जिन्यात लपून घेतला, मोठीआई. माफ करा."

"चोरटा मेला!"

"कडी लावल्याचा आवाज कशावरून?" काडीने विचारलं.

"दुसरा कसला? कडी वाजली, पण दार उघडलं नाही. कुणी आलं नाही, गेलं नाही. मी बराच वेळ उभा होतो. मॅडमना ऐकवलं, तर मध्येच म्हणाल्या, बंद कर. आणि उठून गेल्या."

काडीने वही मिटावी तसे डोळे मिटले. "उद्या संध्याकाळी सगळे मोठीआईंकडे या. मॅडमना मी कळवते."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला एडिटर आणि साउंडवाला कॉटवर अवघडून बसले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. तरीही बेल वाजली.

ढब्बूने दार उघडलं. ठकी होती. कानशिलांवर केस पिकलेले. एवढ्यात पिकले? मोठीआईचा हात आपसूक उठला आणि पदराशीच थांबला. ठकी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. कुणी "ये" म्हटलं नाही, ती आली नाही.

"दादा," काडी ढब्बूला म्हणाली, "जरा ती कडी लावल्यासारखी सरकवा."

ढब्बूने सरकवली. आवाज नाही.

"आता मागे घ्या."

खाड्!

साउंडवाला कॉटवरून ताडकन उठला.

"ही कडी उलटी बसवलीये," काडी म्हणाली. "लावताना मुकी, काढताना ठणाणा. मी पहिल्यांदा आले तेव्हाच हे कानांवर पडलं होतं."

"ह्यांनी बसवली," मोठीआई पुटपुटली. "म्हटलं होतं, सुताराला बोलवा. ऐकतील तर शपथ."

"एडिटर, साउंडवाले, शेजारीण, सगळ्यांना वाटलं हा कडी लावल्याचा आवाज. म्हणूनच दुसरा ट्रेलर त्यांना चुकलेला वाटतो. पण ज्याने तो जुळवला, त्याला हा कडी काढल्याचा आवाज आहे हे ठाऊक होतं. म्हणून त्याने तो मुलगी गेल्यावर, आईच्या चेहऱ्याखाली ठेवला. हे गुपित दोघींनाच माहीत. त्यातल्या एकीला रिमोट धरता येत नाही."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"पण आपल्याला नेमलं तर यांनीच!" ढब्बू ओरडला.

"निर्मात्याने नेमायला लावलं. पहिला पत्ता मात्र यांनी आईचा दिला. मी इथून गेल्यावर यांनी चोराबद्दल चकार शब्द विचारला नाही. विचारलं काय, तर जिन्यातला दिवा लागतो का, आणि चहात साखर अजून तेवढीच घालते का."

ठकी मोठीआईकडे बघत नव्हती, कडीकडे बघत होती.

"घर सोडलं त्या दुपारी मी जिन्यात उभी होते, आई. ही वाजायची वाट बघत. वाजली असती तर परत वर आले असते. नाही वाजली."

"मी दिवेलागणीला काढली," मोठीआई म्हणाली. "तू थांबली नाहीस."

"रोज काढतेस?"

मोठीआईने पदर खोचला, दारापर्यंत गेली आणि लेकीपुढे उभी राहिली.

"आता माझा निकाल ऐक, ठके. या दाढीवाल्याच्या पोटावर पाय येत होता आणि तू तोंड शिवून बसलीस. उद्या निर्मात्यासमोर, चारचौघांदेखत सांगायचं, हे मी केलं म्हणून. आणि ती ढोलावरची चेटकीण मी नाही, तशी ती दुसरी मुळूमुळू बाईही मी नाही. मी तुझ्यावर चिडलेय आणि तुझी वाट बघतेय, दोन्ही एकदम. तुझ्या कॅमेऱ्यात ते मावत नसेल तर मोठा घे. बाकी जन्मभर ध्यानात ठेव: हे दार उघडं असताना बेल दाबायची नाही. बेल परकी माणसं दाबतात."