कप्पा म्हणजेच तारीख

वर्तमानपत्राच्या कचेरीत सगळे त्यांना तारीखराव म्हणत. तेवीस वर्षं ते 'आजच्या दिवशी' हे सदर चालवत होते. धूमकेतू कधी दिसला, कुठली लस पहिल्यांदा कधी टोचली, कुठलं जहाज कधी बुडालं, असा सगळा माल एका लांबलचक लाकडी पेटीत होता. पेटीत तीनशे सहासष्ट कप्पे आणि कप्प्यांत कार्डं. कार्डावर फक्त साल आणि घटना. तारीख लिहायची नाही, कप्पा म्हणजेच तारीख, हा आधीच्या सदरलेखकाचा दंडक तारीखरावांनीही पुढे चालवला. लिहायचा कंटाळा त्यांनाही होताच.

सोमवारी चूक झाली. वेधशाळेने टिपलेल्या पहिल्या उल्कावर्षावाचं कार्ड एक कप्पा पुढे पडलं आणि आठ तारखेची घटना नऊच्या अंकात छापून आली. चुकीच्या बाबतीत तारीखराव फार मानी. दुरुस्ती द्यायची म्हणून त्यांनी संदर्भग्रंथ काढला. त्यात नऊ. दुसरा काढला. त्यातही नऊच. शेवटी वेधशाळेला फोन लावला.

"अहो साहेब, दारावरच्या दगडात कोरलीय आमच्या. नऊ तारीख," तिथला कारकून म्हणाला.

"कालपर्यंत आठ होती."

"मग काय, रात्रीतून आम्ही दगडावर खोडरबर फिरवलं?"

तारीखराव विज्ञानाचे पदवीधर होते. आपल्याला भ्रम झाला असेल, हे त्यांनी आधी गृहीत धरलं. मंगळवारी त्यांनी एका हिमवादळाचं कार्ड दोन कप्पे मागे नेलं, आणि पुस्तक उघडून पाहिलं. वादळ दोन दिवस आधी झालं होतं. कार्ड परत जागेवर ठेवलं, वादळही परत आलं. असं चार वेळा केलं. त्यांनी पेटीला कुलूप लावलं आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

पण बुधवार उजाडला तोच पुलाचा विचार घेऊन.

त्या पेटीतलं एक कार्ड त्यांनी तेवीस वर्षांत एकदाही छापलं नव्हतं. बारा तारीख, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी. नदीवरचा जुना पूल कोसळून अकरा ठार. त्या अकरांत त्यांचा पंधरा वर्षांचा दादा होता. पुलापलीकडच्या कारखान्यात वडिलांना दुपारचा डबा पोचवायचा असे, आणि त्या दिवशी पाळी धाकट्याची होती. नऊ वर्षांच्या तारीखरावांनी पोटदुखीचं सोंग काढलं. दादाने ते ओळखलं, हसला आणि डबा उचलला. "आज मी जातो. उद्या मात्र तू. उद्या सोंग चालायचं नाही."

हे सोंग त्यांनी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. लग्न केलं नाही, आईला सोडून कुठे गेले नाहीत. आई आता ऐंशीची झाली होती. हल्ली ती जेवायला बसली की दाराकडे बघून विचारायची, "मोठा आला का रे?"

दुपारी शिपाई चहा ठेवून गेला. तारीखरावांनी कुलूप काढलं, पुलाचं कार्ड बाराच्या कप्प्यातून उचललं आणि तेराच्या कप्प्यात ठेवलं. फक्त एक दिवस. बाराला दादा पूल ओलांडून जाईल आणि घरी परत येईल. एवढंच त्यांना हवं होतं.

त्या वर्षीच्या अंकांची बांधीव फाइल त्यांनी उघडली. पूल तेराला कोसळला होता. अकरा ठार. यादीत पहिलं नाव दादाचं असायचं, ते तिथे नव्हतं. त्यांना रडू कोसळलं. पुढे काही न वाचता त्यांनी घरचा नंबर फिरवला.

"हॅलो," एक घोगरा, वयस्कर आवाज आला.

तो आवाज त्यांनी कधीच ऐकला नव्हता, तरी ओळखला. "दादा?"

"कोण बोलतंय?"

"दादा, मी. मी धाकटा."

मागून आईचा आवाज आला, "कोण आहे रे? धाकटा आला का?"

"म्हातारी आई आहे घरात," दादा हळूच म्हणाला. "असली थट्टा करू नका. माझा भाऊ पूल पडला तेव्हाच गेला. आदल्या दिवशी डबा मी नेला होता. उद्या तुझी पाळी, हे मीच बजावलं होतं त्याला."

फोन बंद झाला.

फाइल उघडीच होती. तारीखरावांनी या वेळी यादी शेवटपर्यंत वाचली. अकरावं नाव त्यांच्याच आडनावाचं होतं. वय नऊ. डबा हातातच सापडला.

त्यांनी पेटीकडे हात नेला. कार्ड चिमटीत धरायला गेले.

बोटं कार्डातून आरपार गेली, चिमटीत काहीच आलं नाही.

पुन्हा धरू पाहिलं. कार्ड हललं नाही.

पाच वाजता शिपाई कप उचलायला आला. चहा तसाच होता, वर साय धरलेली. खोलीत कोणी बसत नसताना तो इथे कोणी ठेवला, हे त्याला कळेना. टेबलावरून फोनचा रिसीव्हर लोंबत होता, अजून हळूहळू झुलत होता. शिपायाने तो उचलून जागेवर ठेवला.