रायतळ्याची भुलाबाई

स्टीलचा डबा कानाशी धरून खुशीने डोळे मिटले, तो दोनदा हलवला आणि ती म्हणाली, "गूळ-शेंगदाणे. अन् शेंगदाणे भाजलेले आहेत."

झाकण उघडलं. गूळ-शेंगदाणेच! घाटावरच्या पोरींनी एकच गलका केला. रोज संध्याकाळी भुलाबाईची, म्हणजे विदर्भातल्या पोरींच्या पार्वतीची, गाणी संपली की झाकून आणलेला खाऊ नुसत्या आवाजावरून ओळखायचा, असा हा खेळ. दसऱ्याच्या सुट्टीत अमरावतीहून मामाकडे आलेल्या खुशीने एकही डबा चुकवला नव्हता. अहो, येतानाच स्कूटरवर ठक् ठक् ऐकून तिने मामांना सांगून टाकलं होतं, "डिकीत पाना वाजतोय." मामा म्हणाले होते, "असंल."

"तुह्या कानातच भुलाबाई बसली हाय वं," शेजारी बसलेली संध्या म्हणाली. संध्या रोज तिच्याच शेजारी बसायची. खुशीची मान ताठ झाली. जरा जास्तच ताठ झाली.

रायतळं गावही कौतुकाचंच. काळ्या दगडी पायऱ्यांचं जुनं तळं, पाण्यावर शिंगाड्याचे वेल, काठावर वेस आणि घाटातल्या देवळीत गावाची पितळी भुलाबाई. घरोघरी मातीची, पण कोजागिरीला पूजा या पितळीचीच. आणि कोजागिरी दोन दिवसांवर आली असताना सकाळी देवळी उघडली, तर आत मूर्तीच नाही!

"परतवाड्याहून उजळून आणली, रोषणाईच्या सामानासोबत घाटावर पाठवली," भगवंतराव मामा कपाळाला हात लावून म्हणाले. ते उत्सव मंडळाचे अध्यक्ष. "चोरीच हाय ही."

दुसऱ्या दिवशी पहाटेच खुशी आणि तिचा मामेभाऊ ललित वेशीआड दबा धरून बसले. तळ्यात एक म्हातारी हवा भरलेल्या ट्यूबवर तरंगत होती. शिंगाडे टोपलीत टाकत होती, पण मधेच वाकून पाण्यातून काहीतरी काढून वेगळ्या पोत्यात घालत होती. ती पायऱ्या चढली तसं पोतं खणखणलं.

"पितळ," खुशी कुजबुजली.

"जाईआजी हाय ते. शिंगाडे इकते," ललित म्हणाला.

"शिंगाडे खणखणतात का?"

खुशीने धावत जाऊन मामांना आणलं, मामांबरोबर मंडळ आलं, मंडळामागे निम्मं गाव आलं. सगळ्यांसमोर खुशीने बोट दाखवलं, "मूर्ती या पोत्यात आहे. मी आवाज ओळखलाय."

जाईबाईने पोतं खाली ठेवलं. "उघड न बाई. तुह्याच हातानं उघड."

खुशीने उघडलं. फुटक्या बाटल्या, गंजके पत्रे आणि मंडळाच्याच गेल्या वर्षीच्या रोषणाईचे फुटके बल्ब. शिंगाडे नाहीत, मूर्ती तर नाहीच.

"मातीची भुलाबाई पान्यात बोळवाले पोट्ट्या उतरतात," जाईबाई म्हणाली. "काचेनं पाय कापतात. म्हणून दरसाल काढतो मी." तिच्या स्वतःच्या पायाला चिंधी बांधलेली होती आणि चिंधी लाल झाली होती.

गर्दीतून संध्या पुढे आली. तिने पोतं उचललं. "चाल, आजी," एवढंच म्हणाली. खुशीकडे तिने पाहिलंही नाही. जाईबाई संध्याची आजी होती; संध्याच्या घरी कोण आहे, हे कान टवकारून बसणाऱ्या खुशीने कधी विचारलंच नव्हतं.

वर मामा म्हणाले, "तरी मूर्ती सापडेपर्यंत घाटावर दुकान मांडू नको, जाईबाई. लोक बोलतात." कोजागिरीला घाटावर शिंगाडे विकायचे म्हणून वर्षभर वेल जपलेले, आणि त्याच दिवशी बंदी!

खुशीला जेवण जाईना. लाजेने कान तापले होते. तेच कान, ज्यांचा तिला एवढा गर्व. माफी मागायला ती जाईबाईच्या दारापर्यंत गेली, आतून संध्याचा आवाज ऐकला आणि तशीच परतली. भित्री कुठली, असं तिने स्वतःलाच म्हटलं.

कोजागिरीच्या दुपारी मामांनी तिला दूध आणायला स्कूटरवर नेलं. वेशीजवळच्या खड्ड्यात डिकी वाजली. ठक्.

"मामा, थांबा. पाना दाखवा."

"पाना? तो तं घरी फळीवर हाय."

डिकीच्या तळाशी उपरण्याचं गाठोडं होतं. उपरण्यात भुलाबाई! खुशीला आणलं त्याच दिवशी, रोषणाईचं सामान उतरवणाऱ्या पोरांनी वायरी नेल्या, गाठोडं तसंच राहिलं आणि मामांनी डिकी उघडून पाहिलीच नव्हती. मामांचा चेहरा पडला. मग ते हळूच म्हणाले, "हे पाह्य खुशी, संध्याकाळी गुपचूप देवळीत ठेवून देतो. सांगू, चोरानं भिऊन परत आणली."

"म्हणजे जाईआजीनं आणली, असंच म्हणतील लोक."

"मोठ्यांच्या गोष्टीत पडू नको," म्हणून मामांनी मूर्ती कपाटात ठेवली.

खुशीने ललितला सगळं सांगितलं. "बाबा मले झोडपतीन," तो म्हणाला, आणि कपाटाची किल्ली घेऊन आला.

दिवेलागणीला घाट भरला. गाणी झाली. खुशीने सगळ्यात मोठा डबा पुढे सरकवला. पोरींनी हलवून पाहिला. कुणी बत्तासे म्हणालं, कुणी नारळ. कुणालाच ओळखता येईना. मामा एकदम उठून उभे राहिले, पण तोवर झाकण निघालं होतं.

"ही मामांच्या डिकीत होती," खुशी म्हणाली. "पहिल्या दिवशीच मी आवाज ऐकला होता. पाना म्हणून सांगितलं. मग पोत्याचा आवाज ऐकला, तिथेही चुकले. पण न पाहता मी आजींना चोर म्हटलं. मला माफ करा, आजी."

मामांनी टोपी काढली. "चूक माही हाय," ते जाईबाईला म्हणाले. "बंदी घालणारा मी कोण? पहिल्या पायरीवर तुहीच टोपली लागंल. अन् तळ्यातली घाण उद्यापासून मंडळ काढंल."

मग शाळेच्या खुशालराव गुरुजींनी खुशीची आणि ललितची पाठ थोपटली. "शाब्बास! सगळ्यांसमोर चूक कबूल कराले वाघाचं काळीज लागते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खुशीने मान वर केली नाही. त्या टाळ्या आपल्या नाहीत, असंच तिला वाटत होतं.

तेवढ्यात जाईबाईने एक झाकलेला डबा तिच्या हातात दिला. "ओळख."

सवयीने डबा कानापर्यंत गेला. खुशीने तो न हलवताच खाली घेतला.

"नाही ओळखता येत, आजी. तुम्हीच सांगा."

झाकण संध्याने काढलं. आत उकडलेले शिंगाडे होते, अजून गरम.

"सोलता येते का तुले?" संध्याने विचारलं.

"नाही."

"काटा टोचते. पाह्य, असा धरावा लागते," संध्या म्हणाली आणि खुशीला सरकवून तिच्या शेजारी बसली.